घरात आता फक्त केसच राहते

पत्र (बरंच लहान केलंय, ओळख पटेल असं सगळं काढलंय):

"ताई, आम्ही कोल्हापुरात एका पेठेत राहतो, दोघं भाऊ एकाच घरात. दहा महिन्यांपूर्वी माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा, वय १९, रात्री मित्रांबरोबर थांबलेला असताना कोयत्यानं मारला गेला. स्टेटसवरून काहीतरी खुन्नस होती म्हणे, तीही त्याची नाही, मित्राची. तिघं पकडलेत, एक सतरा वर्षांचा आहे. सीसीटीव्हीची क्लिप अजून फिरते. दादा, म्हणजे हे थोरले दीर, कोर्टाची एकही तारीख चुकवत नाहीत, रात्री कागद घेऊन बसतात, अलीकडं घ्यायलाही लागलेत. माझी जाऊ, आम्ही अक्का म्हणतो, रोज रात्री त्याचं ताट वाढते. त्याचे फुटबॉलचे बूट चिखलासकट पलंगाखाली आहेत, सासूबाई म्हणतात कुणाला तरी देऊन टाका नाहीतर हिला वेड लागेल. आमच्या ह्यांनी मोबाईलवर दुःखाचे पाच टप्पे वाचलेत, मला विचारतात वहिनी कितव्या टप्प्यावर आहे. अक्कांची पोरगी दहावीला आहे, शांत असते, अभ्यास करते, फक्त एकदा मला म्हणाली की काकी, त्या दिवशी मीच त्याला मेसेज केलेला, येताना भडंग आण म्हणून. माझा मुलगा आठ वर्षांचा, तो मोठ्यानं हसला की मीच त्याला गप्प करते. आता वर्षश्राद्ध येईल. अक्कांना यातून बाहेर कसं काढू?"

अगं, पत्राखाली 'तुमची धाकटी बहीण समजा' असं लिहिलंयस म्हणून सरळ तू म्हणते, चालेल ना.

अक्कांना बाहेर काढणं तुला जमायचं नाही, दुसऱ्या कुणालाही जमायचं नाही, दहा महिन्यांत तर नाहीच नाही. पण तुझं मूळ पत्र वाचताना मला भलतंच काहीतरी खटकलं. त्यात चार्जशीट कधी गेलं ते आहे, कुणाचा जामीन फेटाळला ते आहे, आरोपीचा मामा गल्लीतून मुद्दाम गाडी हळू नेतो ते आहे, साक्षीदार फिरेल का ही भीती आहे, आणि पोरगा? त्याचं वय, त्याचे बूट, संपलं. तो गोलकीपर होता का फॉरवर्ड, घरात कुणाची नक्कल करायचा, सकाळी उठायला किती त्रास द्यायचा, एक अक्षर नाही. तुला बोल लावत नाहीये मी. ज्या घरातलं माणूस असं मारलं जातं तिथं हे होतंच. तो कसा मेला हीच गोष्ट इतकी मोठी होऊन बसते की कसा जगला ते कुणाच्या तोंडात येईनासं होतं, पोलिसांच्या कागदावर तो 'मयत', पेपरात 'तरुण', आणि हळूहळू घरातसुद्धा तो त्या एका रात्रीपुरताच उरतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की केस लढा, नेटानं लढा, पण पोराला त्या केसमधनं थोडं थोडं करून परत घरी आणा.

हे मी मनचं सांगत नाहीये. अमेरिकेत सिएटलला एडवर्ड रायनिअरसन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी हिंसेत माणूस गेलेल्या घरांबरोबर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांचं निरीक्षण असं की घरच्यांनी ते मरण डोळ्यानं बघितलेलं नसलं तरी मनात ते रोज बघत असतात, तो ओरडला असेल का, आईला हाक मारली असेल का, आपण तिथं असतो तर. आणि त्या चित्रापुढं जिवंतपणीच्या आठवणी टिकत नाहीत. म्हणून ते सुरुवात मरणापासून करायचेच नाहीत, आधी फोटो आणा, तो कोण होता ते सांगा, कशावर चिडायचा ते सांगा, आणि ती जमीन जरा घट्ट झाली की मगच त्या रात्रीकडं वळायचं. तुमच्या घरात तर क्लिप फिरतेय, म्हणजे मनातलं चित्र कमी पडलं म्हणून मोबाईलनं पण दिलं. त्या क्लिपचं आधी बघा. तुझ्या नवऱ्यानं एक दिवस बसून सगळ्या नातेवाइकांना, मंडळाच्या पोरांना फोन करून सांगायचं की डिलीट करा आणि पुढं पाठवू नका, जिथं दिसेल तिथं रिपोर्ट करायचं, आणि ऐकत नसतील तर सायबर पोलिसांकडं तक्रार द्यायची. एकच प्रत तपासाला लागते, ती पोलिसांकडं आहेच.

आता दादांचं. दादांना 'कोर्टाचा नाद सोडा' असं कुणी म्हणू नका. बापाला पोरासाठी करता येण्यासारखं एवढं एकच काम उरलंय, ते काढून घेतलं तर मागं बाटलीच राहील. पण त्यांनी सगळं निकालावर टाकलंय, निकाल लागला की झोपेन, निकाल लागला की हिच्याशी बोलेन, आणि सेशन कोर्टातला खटला, मग अपील, यात किती वर्षं जातात ते कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात चार तारखा काढलेल्या कुणालाही विचार. शिवाय तिथं त्यांचं डोकं फिरतं त्याचं निम्मं कारण काय चाललंय हे न कळणं असतं, म्हणून थोडं कायद्याचं सांगते, त्यांना वाचून दाखव.

खटला सरकार चालवतं, पण तुम्ही नुसते बघे नाही. सरकारी वकिलांना मदत करायला कोर्टाच्या परवानगीनं स्वतःचा वकील देता येतो. जामिनाच्या वेळी पीडिताच्या घरच्यांना म्हणणं मांडायचा हक्क आहे, लखीमपूर खेरीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. आरोपी सुटला किंवा कमी कलमात शिक्षा झाली तर अपील तुम्हीपण करू शकता. आणि हायकोर्टासाठी आता मुंबईच्या गाड्या पकडायला नकोत, १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच इथंच सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टात सुरू झालंय. साक्षीदाराला धमक्या येत असतील, तो मामा गल्लीत फिरतोय त्याचं, तर तोंडी गाऱ्हाणं करत बसू नका, तारीखवार लिहून तक्रार द्या आणि साक्षीदार संरक्षणासाठी अर्ज करा, २०१८ पासून त्याची योजना आहे.

सतरा वर्षांच्या पोराबद्दल गल्लीत 'तो काय, सुटलाच' असं बोलतात असं लिहिलंयस. तसं सरळ नाहीये ते. पेपरात ज्याला विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतात त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं, पण २०१५ च्या कायद्यानं सोळा ते अठरा वयातल्यानं खुनासारखा गुन्हा केला तर मंडळ त्याची प्राथमिक तपासणी करतं आणि प्रौढासारखा खटला चालवायला बाल न्यायालयाकडं पाठवू शकतं. फाशी होत नाही, आणि कधीच सुटका नाही अशी जन्मठेपही होत नाही. हे दादांना कुणीतरी आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर ज्या दिवशी कोर्टात कळेल त्या दिवशी घरात काय होईल ते तुला माहितीये.

नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करता येतो, ऑफिस न्यायसंकुलातच आहे, १५१०० वर फोन केला तरी सांगतात. अक्का म्हणतील लेकराच्या रक्ताचा पैसा नको. नको तर नको, पण तो पैसा म्हणजे मिटवामिटवी नव्हे, खटल्यावर त्याचा काही परिणाम होत नाही, एवढं त्यांना माहीत असू दे, मग काय ते त्या ठरवतील.

आणि एक फार महत्त्वाचं, हे कुणी सांगत नाही. साक्षीपुराव्यात एक दिवस डॉक्टरांची साक्ष येते, तेव्हा पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट वाचला जातो, जखमा एक एक करून मोजल्या जातात, फोटो दाखवले जातात. आणि समोरचा वकील एखाद दिवशी उभा राहून म्हणणारच की मुलगाच तसला होता, संगत तसली होती. त्यांचं काम आहे ते. सरकारी वकिलांना आधी विचारून ठेवा की डॉक्टर कधी आहेत, त्या दिवशी अक्कांनी जायचं नाही आणि दादांनी बाहेर बाकावर बसायचं. कोर्टात बसून ते ऐकल्यानं पोरावरचं प्रेम सिद्ध होत नसतं. तारखेला दादांबरोबर रोज वेगळं कुणीतरी जाऊ दे, आणि घरी आल्यावर केसबद्दल जे बोलायचं ते चहा होईपर्यंत बोलायचं, नंतर कागदांची पिशवी खाली तुमच्याकडं ठेवायची. वर झोपायच्या खोलीत ती न्यायची नाही. ऐकायला किरकोळ वाटेल, करून बघा.

पिण्याचं रात्री काढू नका, रात्री भांडणच होणार. सकाळी तुझ्या नवऱ्यानं काढायचं, तेही 'दारू सोड' असं नाही, 'दादा झोप लागत नाही ना, चल माझ्याबरोबर डॉक्टरकडं' असं. आपल्याकडचे पुरुष दुःखासाठी डॉक्टरकडं जात नाहीत पण झोपेसाठी जातात.

बरं, ते पाच टप्पे. तुझ्या नवऱ्याला सांग मोजायचं बंद कर. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते मांडले तेव्हा ते मरणाच्या दारात असलेल्या पेशंटबद्दल होते, मागं राहिलेल्यांबद्दल नव्हे, आणि ते सगळ्यांना पायरीपायरीनंच येतात असं काही नाही. प्रत्यक्षात होतं काय की सकाळी अक्का भाजीवाल्याशी घासाघीस करतात आणि दुपारी भिंतीकडं तोंड करून पडून राहतात, परत संध्याकाळी कणीक मळतात. हे असं येणं-जाणं चांगलं लक्षण आहे, दोन्हीकडं जाता येतंय म्हणजे. एकाच जागी माणूस महिनोन् महिने अडकून पडलं तर काळजी.

ताट वाढतात तर वाढू दे. त्यांना माहितीये तो यायचा नाही, तुला काय वाटतं त्यांना कळत नाही? एकोणीस वर्षं तीन-चार ताटं वाढायची सवय असलेला हात आहे तो. हळूच एक कर, त्या ताट वाढताना 'त्याला आमटी लागायची का गं रस्सा' असं काहीतरी विचार. कदाचित चिडतील. कदाचित बोलतील, आणि एकदा बोलायला लागल्या की मग तांबड्या रश्श्यावरनं, भातावरनं, त्यानं कधी काय टाकून दिलं होतं इथपर्यंत जातील. हेच ते घरी आणणं, याला काही समुपदेशकाची पदवी लागत नाही.

बूट हलवायचे नाहीत. तो चिखल त्याच्या शेवटच्या मॅचचा आहे आणि त्या बाईला पोस्टमॉर्टेमनंतर पोलिसांच्या गर्दीत मिनिटभर चेहरा बघायला मिळाला असेल, तिथून थेट पंचगंगेवर, शेणी रचलेल्याच होत्या, तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. निरोप कुठं झाला? कपडे, मोबाईल सगळं मुद्देमालात. तिच्या हातात जे राहिलंय ते ह्या पलंगाखाली आहे. सासूबाईंना सांग की याला मुदत नाही, वर्षानं नाही आणि दोन वर्षांनीही नाही, अक्का स्वतः म्हणतील तेव्हा. (मोबाईल परत मिळायला कोर्टात अर्ज करता येतो, पण पुरावा म्हणून लागत असेल तर लवकर देत नाहीत. आणि त्याचे अकाउंट घरात कुणाकडं उघडे असतील तर त्यातलं काही पुसायचं नाही, आधी सरकारी वकिलांशी बोला.)

सासूबाईंवर पण चिडू नकोस हां. नातू गेलाय त्यांचा. त्यांना कुणी विचारायलाच येत नाही, सगळे अक्कांना भेटून जातात.

मग काळजी कधी करायची? 'मला त्याच्याकडं जायचंय' असं अक्का बोलल्या, किंवा औषधं साठवताना दिसल्या, एकदम शांत होऊन दागिने वाटायला लागल्या, खाणंच सुटलं, तर त्याच दिवशी दवाखाना, उद्यावर नाही, आणि एकटं सोडायचं नाही. तोंडावर विचारलं, 'अक्का, जीव द्यायचा विचार येतो का' तर तो विचार डोक्यात घातल्यासारखं होत नाही, उलट सांगता येतं. सीपीआरला मानसोपचार विभाग आहे, आणि १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलतात. नुसतं रडणं हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनंसुद्धा लांबलेल्या दुःखाला आजार म्हणायला किमान सहा महिने ठेवलेत, अमेरिकन मानसोपचारवाल्यांनी मोठ्या माणसांसाठी वर्ष ठेवलंय, तेही आयुष्य पूर्ण ठप्प झालेलं असेल तरच. पण झोप नाही, दरवाजा वाजला की दचकणं, ती रात्र डोळ्यासमोर येणं, याला उपचार आहेत आणि ते घ्यायला वर्ष थांबायची गरज नाही.

वर्षश्राद्धाचं मला वेगळंच टेन्शन आहे. त्याचे मित्र चौकात फ्लेक्स लावणार, त्यावर काय लिहिणार ते मला इथं बसून दिसतंय, आणि दोघातिघांच्या डीपीवर 'बदला' हा शब्द आत्तापासून असेल. बघ जरा. ही पोरं वाईट नाहीत, त्यांच्यासमोर मित्र पडलाय आणि त्यांना तालमीत कुणी रडायला शिकवलेलं नाही. पण अजून एक कोयता निघाला तर अजून एक अक्का तयार होणार दुसऱ्या गल्लीत. दादांनी महिनाभर आधी त्या पोरांना घरी बोलवावं. त्यांचंच ऐकतील ती, पोलिसांचं नाही. 'माझ्या पोराच्या नावावर कुणाला हात लावायचा नाही' हे बापाच्या तोंडून एकदा ऐकू दे त्यांना. आणि मग जेवायला घाला, नि त्यांना बोलतं करा. मैदानावर तो काय करायचा, कुणाला शिव्या द्यायचा, कॉलेजला दांडी मारून कुठं जायचा, अक्कांना न सांगितलेलं सगळं ह्या पोरांकडं आहे. आईला माहीत नसलेला पोरगा आहे तो, नवा आहे तिच्यासाठी. फ्लेक्सवर फोटो हसरा लावा, खाली फक्त नाव.

पोरीवर तू एकच वाक्य लिहिलंस आणि सगळ्यात जास्त त्यानंच माझी झोप उडाली. शांत असते, अभ्यास करते. अगं ती शांत नाहीये, ती घरात कमीत कमी जागा व्यापायला बघतेय, आधीच आई-बाबांचं एवढं झालंय त्यात माझं कशाला. आणि दहा महिने ती भडंगाचा मेसेज घेऊन हिंडतेय. तुलाच सांगितलं तिनं, आईला नाही, म्हणजे हे काम तुझं. 'छे गं, तुझी काय चूक' असं म्हणून उडवून लावू नकोस, त्यानं ती परत कधी बोलायची नाही. तिला विचार की तुला काय वाटतं, त्या संध्याकाळी काय काय झालं? सगळं सांगू दे, तिच्या डोक्यातल्या क्रमानं. मग जे खरं आहे ते सांग. तुझ्या पत्रात दिलेल्या चार्जशीटच्या माहितीप्रमाणं तो मेसेजच्या आधीच मित्राचा फोन आला म्हणून बाहेर पडला होता, आणि ती पोरं दुसऱ्याच कुणाला शोधत आलेली. वेळा सांग तिला. तर्कानं लगेच सुटत नाही ते, तरी खऱ्या गोष्टीला धरायला मिळतं काहीतरी. आणि तिच्या वर्गशिक्षिकांना जाऊन भेट, दहावीचं वर्ष आहे, वर्गात तिच्याकडं बोट दाखवून काय बोललं जातं ते त्यांना माहीत असायला हवं. 'आता आईबाबांना तूच' हे वाक्य येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दारातच बंद करायचं. पंधरा वर्षांची आहे ती, तिला दोन माणसांचं आयुष्य सांभाळायला देऊ नका. आठवड्यातनं एकदा तिला घराबाहेर ने, रंकाळ्यावर चक्कर मारा, बोलली तर बोलली.

आणि तुझा मुलगा. त्याला गप्प करू नकोस. घरात हसणं हा गुन्हा आहे असं आठव्या वर्षी शिकला तर ते लई वर्षं राहतं. अक्का एखाद दिवशी त्याचं हसणं ऐकून उठून आत जातील, जाऊ दे, तू मागं जाऊन माफी मागत बसू नकोस, चहा नेऊन ठेव. मला तर वाटतं कधीतरी त्याच त्याला जवळ घेतील, पण त्यासाठी त्याला वर पाठवू नकोस हां, तो काही औषध नाहीये. त्यालाही गेलेल्या दादाबद्दल विचारायचं असणार. तो झोपलाय असं समजून तुम्ही मोठी माणसं खाली बसून जे बोलता ते सगळं त्यानं ऐकलंय, आणि शाळेत कुणीतरी क्लिपचं सांगितलं असणार, निम्मं खरं निम्मं खोटं. आज रात्री अंथरूण घालताना विचार त्याला, काय काय ऐकलंयस म्हणून.